विकत घेतलेल्या यंत्राचे भाडे

मागच्या महिन्यात एका अर्जाची दोन पाने छापायची होती. प्रिंटर माझा होता, कागद माझा होता आणि कार्ट्रिजमध्ये निम्म्याहून अधिक शाई होती. प्रिंटरने मात्र छापायला साफ नकार दिला. त्याच्या छोट्या पडद्यावर सूचना आली, की शाईच्या मासिक योजनेची मुदत संपली असल्यामुळे हे कार्ट्रिज आता वापरता येणार नाही. ती योजना मीच बंद केली होती, कारण मी महिन्याला जेमतेम चार-पाच पाने छापते आणि हप्ता मात्र पन्नास पानांचा जात होता. आत असलेली शाई संपेपर्यंत तरी वापरता येईल, असे मी गृहीत धरले होते. ग्राहक सेवेतील मुलीने अत्यंत सौम्य आवाजात मला समजावले, की मी शाई कधी विकत घेतलेलीच नव्हती. मी पाने छापण्याची सेवा घेतली होती आणि शाई पहिल्यापासून कंपनीचीच होती. म्हणजे माझ्या टेबलावरच्या, माझ्या मालकीच्या यंत्राच्या पोटात दुसऱ्याच्या मालकीचे काहीतरी बसले होते आणि ते माझे न ऐकता दुरून आज्ञा घेत होते.

त्या संध्याकाळी मी यंत्रांविषयी जे काही बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. माझा भाचा ते ऐकून हसला आणि म्हणाला, "मावशी, तू अगदी लडाइट आहेस." हा शब्द मलाही चारचौघांइतकाच ठाऊक होता: यंत्रांना घाबरणारा, प्रगतीच्या वाटेत आडवा पडणारा, नवे काही शिकायला तयार नसलेला माणूस. मराठी कानाला त्यात 'लढाई' ऐकू येते, आणि हा निव्वळ योगायोग असला तरी शब्दाच्या प्रचलित अर्थापेक्षा तो योगायोगच खऱ्या इतिहासाच्या अधिक जवळ जातो, हे मला पुढचे काही आठवडे त्या विषयावर वाचत बसल्यावर कळले.

पहिली गोष्ट जी कळली ती अशी, की लडाइटांनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील बंडखोर विणकरांनी, जे यंत्र फोडले ते नवे नव्हतेच. मोजे विणण्याची ती चौकट, जिला ते 'फ्रेम' म्हणत, विल्यम ली याने १५८९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायरच्या कॅल्व्हर्टन या गावी तयार केली होती. १८११ मध्ये तिच्यावर पहिला हातोडा पडला तेव्हा ती सव्वादोनशे वर्षांची झाली होती. ती हातापायांनी चालत असे आणि बहुधा घरातच, उजेडासाठी ठेवलेल्या रुंद खिडकीपाशी उभी असे. कित्येक पिढ्या त्या चौकटीपुढे बसून जगल्या होत्या. अशा माणसांना यंत्राची भीती वाटत होती असे म्हणणे म्हणजे कुंभाराला चाकाची भीती वाटत होती असे म्हणण्यासारखे आहे.

मग त्यांचे दुखणे काय होते? नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे व्यापार आक्रसला होता, धान्य महागले होते, आणि पुरुषांच्या पोशाखात तोकड्या विजारीची जागा लांब पाटलोणीने घेतल्यामुळे गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांची मागणीही घटली होती. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी काही व्यापाऱ्यांनी एक युक्ती शोधली. चांगला मोजा चौकटीवरच पायाच्या आकारात विणला जातो, त्याला विणलेल्या पक्क्या कडा असतात आणि त्या कडा एकमेकींना जोडल्या की तो वर्षानुवर्षे टिकतो. त्याऐवजी रुंद चौकटीवर सरळ कापड विणायचे, ते कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचे आणि शिवून टाकायचे, ही ती युक्ती. कापलेल्या कडेचा एक धागा सुटला की सगळा मोजा उसवत जाई. दुकानात मात्र दोन्ही मोजे सारखेच दिसत. या 'कापीव' मोज्यांविरुद्ध विणकरांचा सर्वांत मोठा राग होता, कारण त्यात त्यांची मजुरी पडत होती आणि त्यांच्या धंद्याचे नावही खराब होत होते. उमेदवारी न केलेल्या कच्च्या माणसांना कमी पैशांत कामाला लावणे ही दुसरी तक्रार होती, आणि मजुरी रोख न देता वस्तूंच्या रूपात गळ्यात मारणे ही तिसरी.

यातील पहिल्या तक्रारीपाशी मी बराच वेळ थांबले, कारण ती मजुराची तक्रार असली तरी तिचा आवाज ग्राहकाचा आहे. दिसायला तीच, पण टिकायला निम्मी वस्तू ग्राहकाच्या हाती दिली जात आहे आणि ग्राहकाला ते कळण्याचा काही मार्ग नाही, असे ती वस्तू बनवणाराच सांगत होता. अर्थात दुसरी बाजूही आहे, आणि ती डोळ्यांआड करणे बरे नाही. कापीव मोजे स्वस्त होते, आणि चांगल्या मोज्यांचा विचारही ज्यांना परवडत नव्हता त्यांच्या पायांत ते जात असणार. माझा प्रिंटरही त्याच कारणाने माझ्याकडे आला होता. इतक्या कमी किमतीत प्रिंटर देणारा माणूस आपले पैसे दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने वसूल करणार, हे समजण्याइतके माझे वय निश्चितच झालेले होते.

११ मार्च १८११ च्या रात्री नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड या गावात साठाहून अधिक चौकटी फोडल्या गेल्या. पुढच्या वर्षभरात त्या परगण्यात हा आकडा हजाराच्या आसपास गेला. पण कोणती चौकट फोडायची हे नीट ठरलेले असे. एकाच खोलीत ओळीने उभ्या असलेल्या चौकटींपैकी कापीव माल काढणाऱ्या किंवा ठरलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देणाऱ्या मालकाच्या तेवढ्या फोडल्या जात आणि शेजारच्या चौकटीला धक्काही लागत नसे. फोडण्याआधी मालकाला पत्र जाई. पत्राखाली सही असे 'जनरल लड' किंवा 'नेड लड' याची, आणि पत्ता कधी कधी शेरवुडच्या जंगलातला, म्हणजे रॉबिन हूडच्या मुक्कामाचा. हा नेड लड म्हणजे १७७९ च्या सुमारास लेस्टरजवळच्या अॅन्स्टी गावात रागाच्या भरात चौकट मोडणारा एक पोरगा, अशी दंतकथा होती. तो खरोखर कोणी होता याला पुरावा नाही. जो अस्तित्वातच नाही त्याला पकडता येत नाही, ही त्या सहीमागची खरी सोय.

यॉर्कशायरमध्ये हीच चळवळ लोकरीच्या कापडाची लव कातरणाऱ्या कारागिरांनी उचलली, आणि तिथे मात्र यंत्र खरोखर त्यांची जागा घेणारे होते. त्यांच्या हातातली कात्री वीस किलोंच्या आसपास भरत असे, आणि ती वर्षानुवर्षे चालवून मनगटावर एक टणक गाठ येई, जिच्यावरून हा माणूस कोणत्या धंद्यातला आहे हे पाहताक्षणी ओळखता येई. कापडाची लव उभी करणाऱ्या गिग यंत्रावर सोळाव्या शतकातील एका कायद्याने बंदी होती. तो कायदा लागू करा एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि संसदेने १८०९ मध्ये तो कायदाच रद्द करून टाकला. मार्सडेनच्या ईनॉक टेलर नावाच्या लोहाराकडे कातरण्याची नवी यंत्रे बनत आणि मोठे घणही बनत. कारागीर त्या घणालाच 'ईनॉक' म्हणत आणि ईनॉकने घडवले ते ईनॉकच मोडील, असे म्हणत तो चालवत. इतकी काटेकोर थट्टा अडाणी जमावाला सुचत नाही.

शासनाने दिलेले उत्तर मात्र थट्टेचे नव्हते. कामगारांनी संघटना करणे १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी आधीच गुन्हा ठरवले होते. आता १८१२ मध्ये चौकट फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा आला. कवी बायरन, ज्याचे वडिलोपार्जित घर नॉटिंगहॅमशायरमध्येच होते, त्याने २७ फेब्रुवारी १८१२ रोजी लॉर्डांच्या सभागृहात आपले पहिले भाषण याच कायद्याविरुद्ध केले आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. बारा हजारांच्या आसपास सैनिक या भागांत आणून ठेवले गेले. एप्रिलमध्ये रॉफोल्ड्स येथील गिरणीवरचा हल्ला फसला, त्यानंतर विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाची वाटेत गोळ्या घालून हत्या झाली, आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे सतरा जणांना फाशी दिले गेले. हॉर्सफॉलच्या खुनाचे समर्थन मी करणार नाही आणि कोणी करू नये. पण मोज्यांच्या चौकटीचा जीव माणसाच्या जिवाच्या बरोबरीने मोजणारा कायदा त्या खुनाच्या आधी झालेला होता, हा क्रमही विसरता येत नाही.

१८१२ मध्येच आणखी एक गोष्ट घडली, जी या कहाणीत क्वचितच सांगितली जाते. ग्रेव्हनर हेन्सन या विणकराच्या पुढाकाराने विणकरांच्या एका समितीने सनदशीर मार्ग धरला. सह्या गोळा केल्या, वर्गण्या काढल्या, लंडनला माणसे पाठवली आणि मोजे विणण्याच्या धंद्यातील फसवणूक व गैरप्रकार रोखण्यासाठी एक विधेयक संसदेत नेले. हातोडा न उचलता केलेली ही मागणी कॉमन्सच्या सभागृहात मंजूर झाली आणि लॉर्डांच्या सभागृहाने ती फेटाळली. "आधी अर्ज करायचा होता" असे लडाइटांना सांगणाऱ्यांनी हे विधेयक ध्यानात ठेवलेले बरे. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ मध्ये या साऱ्या प्रकाराला दंगलीच्या मार्गाने केलेली सामुदायिक सौदेबाजी म्हटले होते. संघटना करण्याला बंदी, अर्जाला नकार, अशा परिस्थितीत मालकाच्या हाती असलेली महागडी वस्तू ही वाटाघाटीची एकच जागा उरते.

तरीही शब्दाचा अर्थ फिरला. १९५९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी केंब्रिजमधील आपल्या गाजलेल्या व्याख्यानात साहित्यिक बुद्धिवंतांना 'स्वभावतःच लडाइट' म्हटले, तोवर त्या शब्दातून चौकट, मजुरी, कापीव मोजे हे सगळे गळून पडले होते आणि केवळ एक मनोवृत्ती उरली होती. मागण्या विसरल्या गेल्या की प्रतिकार हा आजार वाटू लागतो, आणि आजाऱ्याशी वाद घालावा लागत नाही. आज एखाद्या उपकरणाबद्दल तक्रार करणाऱ्याला जे पहिले उत्तर मिळते तेही याच जातीचे असते: तुम्हाला ते नीट वापरता येत नसेल.

माझ्या प्रिंटरशी या इतिहासाचा खरा धागा जुळला तो मात्र चौथ्या तक्रारीत, जी मी वर मुद्दामच सांगितली नव्हती. चौकटी बहुतेक विणकरांच्या मालकीच्या नसत. त्या व्यापाऱ्याच्या किंवा मधल्या दलालाच्या असत आणि विणकर दर आठवड्याला त्यांचे भाडे भरत असे. भाडे मजुरीतून आधीच कापले जाई. आठवडाभर पुरेसे काम मिळाले नाही तरी भाडे चुकत नसे. यातून एक विलक्षण गोष्ट घडली: मोज्यांच्या विक्रीपेक्षा चौकटींचे भाडे हेच काहींच्या कमाईचे खात्रीचे साधन झाले, आणि मग थोडेसे काम जास्तीत जास्त चौकटींवर पातळ करून वाटणे फायद्याचे ठरू लागले, कारण जितक्या चौकटी तितकी भाडी. विणकर अर्धपोटी राहिला तरी चौकटीचे भाडे पूर्ण भरलेले असे. ज्याने कशीबशी स्वतःची चौकट घेतली होती त्याला काम मिळणेच अवघड होई, कारण त्याच्याकडून भाडे येत नसे. 'मोजे विणणाऱ्यासारखा गरीब' ही त्या भागात म्हणच पडली होती.

या परिच्छेदात चौकटीच्या जागी प्रिंटर ठेवून पाहावा. वस्तूच्या विक्रीपेक्षा तिच्या हप्त्यात अधिक कमाई, न वापरलेल्या महिन्याचेही पैसे, आणि बाहेरचे स्वस्त कार्ट्रिज घालणाऱ्याला यंत्राकडूनच मिळणारी सापत्न वागणूक. फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा नाही. विणकराला आपण भाडेकरू आहोत हे माहीत होते. आपल्याला आपण मालक आहोत असे सांगितले जाते, आपण पूर्ण किंमत मोजतो, खोके घरी आणून उघडतो, आणि मग एका भल्या सकाळी भाडेपट्टा वाचायला मिळतो.

ग्राहकाच्या माघारी वस्तूचे आयुष्य ठरवण्याची पद्धतही जुनी आहे. जगातील मोठ्या दिवे-उत्पादकांनी डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे 'फीबस' नावाची एक युती केली. तिच्यात ओसराम होती, फिलिप्स होती, आणि जनरल इलेक्ट्रिकच्या परदेशी उपकंपन्या होत्या. घरगुती दिव्याचे आयुष्य तोवर दीड ते दोन हजार तासांपर्यंत जात असे. या युतीने ते एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले. सदस्य कंपन्यांचे दिवे प्रयोगशाळेत तपासले जात आणि दिवा फार काळ टिकला तर त्या कंपनीला दंड होई. कमी टिकल्याबद्दल दंड कोणालाही समजेल, पण जास्त टिकल्याबद्दलचा दंड समजायला थोडा वेळ लागतो. दिवा तेजस्वी करायचा तर तारेचे आयुष्य घटते, असे तांत्रिक समर्थन पुढे केले गेले, आणि ते पूर्णपणे खोटे नाही. पण ग्राहकाला तेज हवे की आयुष्य, हे त्याला कोणी विचारले नाही. १९३२ मध्ये बर्नार्ड लंडन या अमेरिकी गृहस्थाने तर मंदीवर उपाय म्हणून वस्तूंना सरकारनेच मुदत ठरवून द्यावी आणि मुदत संपली की त्या काढून घेऊन नष्ट कराव्यात, अशी पुस्तिकाच छापली. तिची अंमलबजावणी झाली नाही. सरकारची गरजच पडली नाही, असेही म्हणता येईल.

दिव्याच्या काळी निदान दिवा एकदा घरी आला की कंपनीचा हात तिथून सुटत असे. आताची गोष्ट वेगळी आहे. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या, घरातील उपकरणे एकत्र चालवणाऱ्या यंत्राचे सर्व्हर ते बनवणारी कंपनी विकत घेतलेल्या नेस्ट कंपनीने बंद केले, आणि लोकांनी सुमारे ३०० डॉलरला घेतलेली, काहीही न बिघडलेली यंत्रे एका दिवसात निरुपयोगी झाली. २०१७ च्या डिसेंबरात अॅपलने मान्य केले, की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते खरेही असेल, पण बॅटरी बदलली की फोन पुन्हा पहिल्यासारखा होईल हे त्या वेळी सांगितले असते तर कित्येकांनी नवा फोन घेतला नसता. २०२० मध्ये फ्रान्समध्ये त्या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला तो नेमका न सांगितल्याबद्दल.

कुलूप मात्र केवळ यंत्रात नसते, कायद्यातही असते. अमेरिकेत १९९८ साली डिजिटल कॉपीराइटचा जो कायदा झाला, त्याच्या १२०१ क्रमांकाच्या कलमाने सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडणे बेकायदा ठरवले. हेतू चित्रपट आणि गाण्यांची चोरी रोखण्याचा होता. पण पुढे प्रत्येक वस्तूत सॉफ्टवेअर आले, आणि त्या कलमाच्या सावलीत ट्रॅक्टरही आला. लाखो डॉलरचा ट्रॅक्टर ऐन सुगीत एका सेन्सरच्या तक्रारीवरून थांबला तर तो शेतकऱ्याने स्वतः सुरू करणे हा गुन्हा ठरू शकत होता; कंपनीच्या माणसाने लॅपटॉप घेऊन यावे लागे. पिढ्यान्‌पिढ्या आपली अवजारे आपणच दुरुस्त करणारे हे लोक होते, आणि म्हणूनच त्यांचा राग सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट होता. २०१५ मध्ये त्यांना त्या कलमातून दुरुस्तीपुरती सवलत मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीविरुद्ध दुरुस्तीच्या मक्तेदारीवरून खटला भरला.

प्रिंटरचाही एक खटला आहे, आणि तो वाचून मला माझ्या ग्राहक सेवेतील मुलीचे वाक्य नव्याने ऐकू आले. लेक्समार्क कंपनी काही कार्ट्रिजे कमी किमतीत विके, अट एवढीच की ती पुन्हा भरून वापरायची नाहीत. दुसऱ्या एका कंपनीने ती भरून विकली. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विकताना कोणतीही अट घातलेली असो. निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण दिले: गाडीतील हजारो भागांच्या प्रत्येक कंपनीने विक्रीनंतरही हक्क सांगितला तर ते दुकान चालणारच नाही. ग्राहकाच्या बाजूने इतका सरळ निकाल क्वचितच सापडतो. पण त्यात एक शब्द आहे: विकली. विकली तर हक्क संपतो. मग विकायचेच नाही, हे त्या निकालाला शोधलेले उत्तर. "तुम्ही शाई विकत घेतलेली नाही" हे वाक्य त्या मुलीने स्वतः रचलेले नव्हते. त्यामागे बरीच शहाणी डोकी बसलेली असणार.

महात्मा गांधींना यंत्रविरोधक ठरवण्याची जी सवय आहे, तिचाही येथे ओझरता उल्लेख करावासा वाटतो. १९२४ मधील एका संभाषणात त्यांनी स्पष्ट केले होते, की त्यांचा विरोध यंत्राला नसून यंत्राच्या हव्यासाला आहे, आणि अपवाद म्हणून त्यांनी सिंगरचे शिवणयंत्र पुढे केले. आपल्या पत्नीचे हात दुखू नयेत म्हणून सिंगरने ते बनवले, असे त्यांचे म्हणणे. आयझॅक सिंगरचा संसारातील लौकिक पाहता ही गोष्ट फार खरी असण्याची शक्यता नाही. पण उदाहरण म्हणून ते यंत्र अचूक आहे: जे वापरणाऱ्याच्या हुकमात राहते, बिघडले तर उघडून पाहता येते आणि ज्याला बनवणाऱ्याची परवानगी लागत नाही.

विणकर आणि ग्राहक यांच्यात साम्य दाखवता दाखवता एक मोठा फरक मात्र मान्य करावा लागतो. विणकरांना एकमेकांची नावे माहीत होती. ते एकाच गल्लीत राहत, रात्री शपथ घेत, आणि इतके दिवस इतके सैनिक आणि हेर मागावर असूनही त्यांच्यातील फारच थोड्यांनी तोंड उघडले. ज्याच्यावर राग होता तो मालक दोन-तीन मैलांवर राहत असे. शिवाय चौकटीचा प्रत्येक भाग त्यांना ठाऊक होता, नेमके कुठे मारले की ती कायमची निकामी होते हेही. ग्राहक याच्या अगदी उलट अवस्थेत असतो. तो एकटा असतो, त्याचा राग संध्याकाळी घरात येतो आणि घरच्यांवर निघतो, यंत्राचे आतडे त्याने कधी पाहिलेले नसते, आणि ज्या अटींनी त्याला बांधले त्या त्याने स्वतः, न वाचता, 'मान्य आहे' म्हणून दाबलेल्या असतात. मीही दाबल्या होत्या. शाईची मालकी कोणाची, ते त्यात स्पष्ट लिहिलेले होते. मी नंतर शोधून वाचले.

एकट्या माणसाचा राग बारीकसारीक मार्गांनी बाहेर पडतो, आणि त्याला प्रतिकार म्हणावे की चिडचिड, हे ठरवणे कठीण जाते. कोणी कडक शब्दांत अभिप्राय लिहितो, कोणी जुना फोन पाच वर्षे ओढतो, कोणी गाडी घेताना बटणे असलेलीच पाहिजे म्हणून हटून बसतो. हे शेवटचे हट्ट तर अगदीच जुनाट म्हणून हसण्यावारी नेले जात होते. चालवता चालवता नजर न हटवता बोटांनी सापडणारे बटण काढून त्याच्या जागी गुळगुळीत पडदा बसवणे हे चालवणाऱ्याच्या दृष्टीने सुधारणा नव्हे, असे लोक सांगत होते. आता गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा काही गोष्टींना प्रत्यक्ष हाताने चालणारी कळ नसेल तर गुण कमी करण्याचे ठरवले आहे. मोजा कापीव आहे हे विणकराला जसे बोटांना कळत होते, तसेच हे आहे. त्याला भीती म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

आणि जिथे माणसे एकत्र आली तिथे थोडेफार घडलेही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ साली गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी यासाठी मतदान झाले तेव्हा जवळपास ८६ टक्के मते बाजूने पडली. एवढी एकवाक्यता मतपेटीत क्वचितच दिसते. ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९ मध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला, जिथे बिघडलेली वस्तू आणायची आणि जाणकाराच्या शेजारी बसून ती स्वतः उघडायची. आता असे मेळे अनेक देशांत भरतात. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, धुलाईयंत्र अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. वस्तू आतून कशी आहे ते बाहेरून कळले पाहिजे, हेच तर १८१२ च्या विणकरांचे मागणे होते.

चौकटींचे भाडे इंग्लंडमध्ये कायद्याने बंद झाले ते १८७४ मध्ये. तोवर वाफेवर चालणाऱ्या कारखान्यांनी घरातल्या चौकटींचा जमाना जवळजवळ संपवत आणला होता, त्यामुळे त्या कायद्याचा आनंद घ्यायला फारसे विणकर उरले नव्हते.

माझ्या अर्जाची पाने शेवटी दुसरीकडून छापून आणली. त्यानंतर मी बाहेरच्या कंपनीचे एक साधे कार्ट्रिज आणले, ते प्रिंटरने दोन दिवस चालवले आणि तिसऱ्या दिवशी रात्रीत आलेल्या अपडेटनंतर 'अनोळखी' म्हणून नाकारले. भाच्याने मला त्याची जुनी केबल दिली आणि प्रिंटर मूळ स्थितीत कसा न्यायचा, तेही दाखवले. आता मी त्याचे वाय-फाय बंद केले आहे आणि तो केबलवर निमूटपणे छापतो. सुरू केल्यावर दर वेळी पडद्यावर एक ओळ येते, की कंपनीशी संपर्क होऊ शकला नाही, कृपया इंटरनेट तपासावे. मी ती पूर्ण वाचते आणि मग 'नंतर' दाबते.